पेढीवरची उमेदवारी

व्यापारी घरातील तरुण नोकरीचा अर्ज भरू लागला, की एका रकान्यापाशी त्याचा हात हमखास अडखळतो. नाव, शिक्षण, गुण, अवगत भाषा हे सारे भराभर लिहून होते. 'पूर्वानुभव' हा शब्द आला की तो थांबतो आणि पुष्कळदा तेथे 'नाही' असे लिहून पुढे सरकतो. इतवारीच्या किराणा ओळीतील एका घाऊक पेढीच्या मालकाच्या मुलानेही तेच केले. वय २३, वाणिज्य शाखेची पदवी, तीवर व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पाच महिन्यांत अकरा अर्ज झाले, चार मुलाखती झाल्या आणि चारही ठिकाणांहून 'कळवतो' एवढेच उत्तर आले.

अर्जाची छापील प्रत त्याने दुकानातच काढली होती. ती प्रिंटरच्या तोंडाशी राहून गेली आणि हिशेबाचे कागद घ्यायला आलेल्या मुनीमकाकांच्या हाती पडली. मुनीमकाका या पेढीवर ३१ वर्षे आहेत. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून कागद वाचला.

"छोटे शेठ, अनुभव नाही? मग दहावीच्या सुट्टीपासून इथे कोण बसत होतं?"

"काका, तो घरचा धंदा. त्याला अनुभव म्हणत नाहीत."

"कोण म्हणत नाही?"

या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर कोणीच तसे म्हटलेले नव्हते. महाविद्यालयात मित्र मिहानमधील कंपन्यांची आणि पुण्याच्या पगारांची चर्चा करीत, तेव्हा हळद-धन्याच्या पोत्यांविषयी बोलण्यात त्याला संकोच वाटे. त्या संकोचाचेच पुढे मत झाले होते. दुसरेही एक भय होते आणि ते मात्र अगदीच निराधार नव्हते. शेठाचा मुलगा म्हटला की तो आज ना उद्या गादीवर परतणार, अशी शंका नोकरी देणाऱ्याच्या मनात येते. ती त्याच्या वडिलांच्या मनातही आली असती. हिशेबासाठी आलेल्या एका मुलाला त्यांनी मागच्याच वर्षी याच कारणाने परत पाठवले होते: "याच्या मामाचं सक्करदऱ्यात दुकान आहे, हा टिकायचा नाही."

तरीही त्या सात वर्षांत मुलाने केले काय, हे पाहण्यासारखे आहे. आरंभी नुसते गल्ल्याजवळ बसणे, बिलांना नंबर टाकणे, ट्रान्सपोर्टच्या पावत्या लावणे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून पेढीवर कागदांचा जो पूर आला होता, तो ओसरलाच नव्हता. महाविद्यालयात गेल्यावर विवरणपत्रांचे काम त्याच्याकडे आले, कारण संगणकापुढे दोन तास स्थिर बसण्याची तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती. मग वसुली आली. दर मंगळवारी इतवारी स्थानकावरून गोंदियाच्या गाडीत बसायचे आणि भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा असे उतरत जायचे. तुमसरच्या एका दुकानदाराकडे ८४,००० रुपये अकरा महिने अडकले होते. हा संध्याकाळी जाई आणि तो माणूस मागच्या दाराने निघून जाई. तीन फेऱ्या फुकट गेल्यावर मुलाच्या लक्षात आले, की संध्याकाळी दुकानात गावची गिऱ्हाइके असतात. चार माणसांसमोर उधारीचा विषय निघणार, या लाजेने तो पळतो. पुढच्या वेळी तो भर दुपारी गेला, पैशाचे नाव न काढता पाणी मागितले आणि मग महिना ७,००० रुपयांचा हप्ता ठरवून आला. अखेरचा हप्ता बाराव्या महिन्यात पोहोचला. व्यवस्थापनाच्या पुस्तकात या गोष्टीला मोठे नाव असेल. पेढीवर तिला नावच नव्हते आणि म्हणून ती अर्जात आली नाही.

पण मुनीमकाकांच्या मनात वसुली नव्हती. त्यांना हमालांची गोष्ट आठवत होती.

ती दोन वर्षांपूर्वीची. बाबा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस घरी होते, काका मालाच्या खरेदीला बाहेरगावी, आणि ऐन लग्नसराईत सकाळी दोन ट्रक दारात उभे असताना हमाल ओट्यावर बसून राहिले. मुलाने प्रथम आवाज चढवला. कोणी उठले नाही. मग मुकादम शांतपणे म्हणाला, "भाऊ, पोतं उचलून पाहा, मग बोला." मुलाने ते अक्षरशः केले, पोते जागचे हलेना. तेव्हा त्याने ते काट्यावर ठेवायला सांगितले. हमालीचा दर पोत्यामागे ८ रुपये ठरला, तेव्हा धन्याचे पोते ४० किलोचे असे. मागच्या आठवड्यापासून माल ५० किलोच्या पोत्यांत येत होता आणि दर तोच होता. कोणी फसवले नव्हते, पण कोणी पाहिलेही नव्हते. मुलाने तेथेच पोत्यामागे १० रुपये कबूल केले. मागच्या आठवड्यात तशी १,१४० पोती उतरली होती. त्यांच्या फरकाचे २,२८० रुपयेही त्याने त्याच दिवशी मुकादमाच्या हाती मोजले. दुपारपर्यंत दोन्ही ट्रक रिकामे झाले.

यावर घरात कौतुक झाले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. ओळीतल्या तीन दुकानदारांनी फोन करून बाबांकडे तक्रार केली, की तुमच्या मुलाने बाजाराचा दर बिघडवला. बाबा त्याला म्हणाले, "२,२८० रुपयांचं काही नाही. पण विचारायचं होतंस." तो म्हणाला, "विचारायला वेळ नव्हता." बाबा गप्प राहिले. त्याचे बरोबर होते, असे ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत. मात्र नवा दर त्यांनी मोडला नाही.

"हे लिहा," मुनीमकाका म्हणाले.

"काका, कंपनीला हमालांचं काय?"

त्यावर मुनीमकाकांनी जे सांगितले, ते त्यांना घरातूनच मिळालेले होते. त्यांचे वडील एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात होते, आणि मिलच्या आरंभीच्या गोष्टी त्या काळी कामगारांच्या घराघरांत सांगितल्या जात. इतवारीपासून जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, फार लांब नाही. त्याच्या परिसरात, जेथे आता मॉलच्या काचा चमकतात, तेथे दीडशे वर्षांपूर्वी दलदल होती. जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी उभी केली आणि मुंबई सोडून कापूस पिकवणाऱ्या मुलखाजवळ, म्हणून नागपूरला गिरणी बांधायला घेतली. त्या वेळी नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने त्यांना पैसा देण्याचे नाकारले होते. हा गृहस्थ खड्ड्यात सोने ओतून तो बुजवतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर त्याच सावकाराने मोकळेपणाने कबूल केले, की त्यांनी जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले. ही कबुली देणाऱ्याचे नाव इतवारीत कोणाला आठवत नाही, पण गोष्ट सांगताना मुनीमकाका गादीकडे एकदा हळूच पाहून घेतात.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली; 'एम्प्रेस' हे नाव त्यामुळे. आणि तिचा कारभार कोणाकडे दिला? बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात नोकरीला होते. सूत कसे कातले जाते, याचा त्यांना अनुभव नव्हता. आजच्या भाषेत त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला असता. जमशेटजींनी यंत्रांचे ज्ञान असलेला माणूस, जेम्स ब्रुक्सबी, वेगळा नेमला आणि माणसे, माल व वेळ सांभाळू शकेल असा माणूस मालधक्क्यावरून उचलला. पहिली यंत्रे हलकी निघाली, समभागांचा भाव खाली आला, तरी व्यवस्थापक बदलला नाही. बेझनजींनी पुढे अनेक वर्षे ती गिरणी चालवली.

असे हे एकच उदाहरण नाही. समाजातील घराघरांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. घरचा सावकारी आणि कापसाचा व्यवसाय असताना ते रेल्वेच्या कंत्राटांत उतरले, ते लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. एकाकडे पत होती, दुसऱ्याकडे कामाची माहिती; बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागीदारी सुरू झाली. जहाजे, विमाने आणि मोटारी पुढे आल्या. घराबाहेरचे काम शिकायला निघालेला व्यापाऱ्याचा मुलगा म्हणजे घर बुडवणारा मुलगा, असा समज असलेल्यांनी वालचंदांचा हा पहिला टप्पा अवश्य वाचावा. पुढच्या वैभवाच्या वर्णनात तो बहुधा झाकला जातो.

एम्प्रेस मिलच्या गोष्टीत एक गाठ आहे आणि ती लपवणे योग्य नाही. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक १८७७ सालीच, याच गिरणीत, मजुरीच्या दरावरून झाला. म्हणजे जमशेटजींच्या कारखान्यातही माणसे ओट्यावर बसली होती. गैरहजेरीही मोठी होती. त्यावर दंड वाढवण्यापेक्षा नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा पडली. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. तसे करायला तेव्हा कोणताही कायदा सांगत नव्हता. मुनीमकाकांच्या वडिलांच्या पिढीला यातले पुष्कळसे आयते मिळाले होते. त्यांना त्याचे अप्रूप नव्हते. हक्क वाटत होता.

त्या रात्री मुलाने अर्ज नव्याने लिहिला. 'वडिलांना मदत केली' असे एक वाक्य प्रथम लिहिले आणि खोडले, कारण त्यातून काहीच कळत नव्हते. मग आकडे घातले: महिन्याला किती पावत्या, किती गावांतले किती दुकानदार, थकबाकी किती होती, त्यातली किती वसूल झाली, किती अजून अडकली आहे. अडकलेला आकडा लिहावा की नाही, यावर तो बराच वेळ थांबला. अखेर लिहिला. पेढीची वार्षिक उलाढाल मात्र लिहिली नाही. ती बाबांची आणि काकांची कमाई होती. ओळख देणाऱ्यांच्या जागी नातेवाइकांची नावे टाळून ट्रान्सपोर्टचा मालक आणि धन्याचा एक दलाल, अशी ज्यांच्याशी त्याने स्वतः व्यवहार केला होता त्यांची नावे त्यांना विचारून घातली. दलाल म्हणाला, "नाव घाल. पण मागे एकदा तू भाव कळवायला विसरला होतास, तेही मी सांगेन." मुलाने तरीही त्याचेच नाव ठेवले.

बुटीबोरीच्या एका गोदाम-वाहतूक कंपनीकडून बोलावणे आले. अपेक्षेप्रमाणे पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न आला, "घरचा धंदा असताना नोकरी कशाला?" यापूर्वीच्या मुलाखतींत असे काही निघाले, की तो 'नवे शिकायचे आहे' असे ठरावीक उत्तर देत असे. या वेळी त्याने सरळ सांगितले, की पेढीवर तीन कुटुंबे जगतात, दोन चुलत भाऊ तेथे आहेत, छोटे दुकानदार आता कंपन्यांकडून थेट माल मागवू लागले आहेत. चौथे कुटुंब त्या गल्ल्यावर चालणार नाही. "परत जाल का?" या प्रश्नाला तो म्हणाला, "पाच वर्षं तरी नाही. त्यापुढचं आज सांगितलं तर ते खोटं होईल." मग हमालांचा विषय निघाला. समोरच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या दिवसापासून नवा दर दिलात, ते समजलं. मागच्या आठवड्याचे पैसे का दिलेत? ते तर कोणी मागितले नव्हते." तो म्हणाला, "पोती तर तेव्हाही ५० किलोचीच होती."

नोकरी मिळाली. पाठवणीच्या खात्यात, सहा महिने परिवीक्षा, पगार मनात धरला होता त्याहून कमी. रुजू होताना पूर्वीच्या अनुभवाचे पत्र, संस्थेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह आणायचे होते.

संध्याकाळचे जेवण नेहमीप्रमाणे सूर्यास्ताआधी आटोपले होते. बाबांनी पत्राची मागणी ऐकली आणि ते हसले. "घरच्या पोराला कसलं पत्र? आपण आजवर कोणाला दिलं?" बाबांनी ते सहज म्हटले, पण मुलाच्या मनात ते अडकले. त्याने विचारले, "मुनीमकाकांनाही नाही?"

नव्हते. ३१ वर्षांत नेमणुकीचा कागद नव्हता. भविष्यनिर्वाह निधी नव्हता, कारण तो २० माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. उपदान नव्हते, कारण त्याला १० माणसे लागतात. आणि पेढीवर सहा होती. कायद्याने पेढीचे काहीच चुकत नव्हते. दिवाळीला चोपडापूजनाच्या दिवशी कपडे, मिठाई आणि एक पगार देणे कधी चुकले नव्हते. काकांच्या मुलीच्या लग्नात बाबांनी सढळ हाताने खर्चही केला होता. पण त्या खर्चाची आठवण पेढीला होती आणि काकांनाही होती, आणि म्हणूनच त्यांनी आयुष्यात पुन्हा काही मागितले नव्हते. असे पुष्कळ पेढ्यांवर घडते. प्रेमाने दिलेले देणे मोठे असते, तरी त्याच्या भरवशावर कोणाला म्हातारपण आखता येत नाही.

बाबा चिडले. "नोकरी लागायच्या आधीच मालकाला कायदा शिकवायला लागलास?" मुलगा काही बोलला नाही. आईने ताटे उचलली. रात्री उशिरापर्यंत मात्र बाबांच्या खोलीत दिवा होता, आणि सकाळी मेजावर हिशेबाचा कागद पडलेला होता. व्यापाऱ्याचे मन वळले तरी आधी पेन्सिल चालते. मुनीमकाकांचा पगार २०,८०० रुपये. महिना २६ दिवसांचा धरून रोज ८०० रुपये. प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे १२,०००. ३१ वर्षांचे ३,७२,०००. खाली बाबांच्या अक्षरात लिहिले होते: 'एकदम जमणार नाही. तीन दिवाळ्यांत.' त्याखाली भावाचे नाव लिहून प्रश्नचिन्ह काढले होते. काकांची संमती अजून घ्यायची होती, आणि ती सहज मिळाली नाही; दोन दिवस गादीवर दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी ते प्रश्नचिन्ह खोडले गेले.

त्या दुपारी बाबांनी मुनीमकाकांना संगणकापुढे बसवले आणि मुलाचे पत्र सांगायला घेतले. अमुक नाव, अमुक सालापासून, सात वर्षे, वसुली, विवरणपत्रे, मालाची उतराई.

"हुद्दा काय घालू, शेठजी?"

बाबा थांबले. मालकाचा मुलगा हा काही हुद्दा नव्हे, हे त्यांच्याही लक्षात आले. "तुम्ही आमच्या वडिलांकडे लागलात, तेव्हा तुम्हाला काय म्हणत?"

"उमेदवार."

"मग तेच घाला."

पत्र निघाले, सही झाली, शिक्का बसला. मुनीमकाका उठू लागले, तेव्हा बाबांनी त्यांना हाताने बसायची खूण केली. "दुसरा कागद घ्या. आता तुमचं लिहू." काका काही क्षण पडद्याकडेच बघत राहिले. मग नेहमीच्या कोरड्या स्वरात त्यांनी विचारले, की रुजू झाल्याची तारीख कोणती घालायची. त्यांना एवढेच आठवत होते, की ते दिवस पावसाळ्याचे होते. बाबांनाही सांगता येईना. तेव्हा मुलगा शिडी लावून माळ्यावर चढला आणि आजोबांच्या काळच्या रोकडवह्यांचे गाठोडे धूळ झटकत खाली घेऊन आला. तिघे मिळून पाने उलटू लागले. चौथ्या वहीत, श्रावणातल्या एका पानावर, आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरात नवीन उमेदवाराला पहिल्या आठवड्याचे दिलेले पैसे खर्ची पडलेले सापडले.